चौथ्या दुकानाच्या आत

आमच्या नाचाच्या सरांनी सिस्टरना फसवलं. मला नाही. मला फसवलं असतं तर मी त्याच दिवशी भांडून मोकळी झाले असते. फसल्या त्या सिस्टर. रंगमंचावरची त्यांची दोन मिनिटं सरांनी दुसऱ्यांना देऊन टाकली होती, आणि देऊन झाल्यावर त्याच दोन मिनिटांचा भाव ते आमच्याशी करत बसले.

माझं उल्हासनगरात लेस, बटण, इलास्टिक आणि चेनचं दुकान आहे. जीन्स आणि नाइटी शिवणारे लहानमोठे कारखानदार माझं गिऱ्हाईक. सुरुवात केली ती एका बंद शटरच्या पायरीवर परातीत बटणं मांडून. त्या पायरीवरून मला तीन वेळा उठवलं, चौथ्या वेळी मी उठले नाही. आज गाळा माझ्या नावावर आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. मला जे कळतं ते बाजारात कळलेलं आहे, आणि बाजाराची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं. उठणं म्हणजे नकार नव्हे. उठणं म्हणजे, माझा भाव सांगून झाला, आता तू बोल. दुकानदाराला द्यायचंच नसेल तर तो तोंडावर म्हणतो, "नाही परवडत, ताई." विषय संपला, राग नाही. पण तो जर "बघतो" म्हणाला आणि मान हलवली, तर सौदा जिवंत असतो. मग गिऱ्हाईक चौथ्या दुकानापर्यंत पोचायच्या आत त्यानं हाक मारायची. मारायचीच. भाव पाडून बोलावेल, नाहीतर "जमत नाही" म्हणायला बोलावेल, पण बोलावेल. सिंधी शेठ असो, माझ्यासारखी आगरी बाई असो, की कालच उत्तरेतून आलेला हातगाडीवाला असो, हे सगळे पाळतात. कुठे लिहिलेलं नाही. म्हणून तर पाळतात.

आणि दुसरी रीत. एकदा विकलेल्या मालाचा भाव दुसऱ्याशी करायचा नाही. हे मात्र सांगायचीसुद्धा गरज पडत नाही.

सर याच बाजारात वाढले. त्यांच्या वडिलांचं सूटिंगचं दुकान होतं. सर मधली काही वर्षं नोकरीसाठी बाहेर होते, तिथे हा नाच शिकले, आणि वडील गेल्यावर दुकान सांभाळायला परत आले. माझ्याकडे पहिल्यांदा आले ते गॅलिसची बारा बकलं घ्यायला. पँटला खांद्यावरून लावायचे पट्टे आता कोण लावतं? मी विचारलं, "नाटक आहे का?"

"नाच आहे, ताई. स्विंग."

मला वाटलं झोपाळ्यावर बसून काहीतरी करत असतील. बकलांवरून आमची अर्धा तास घासाघीस झाली. ते दोनदा उठले, मी दोनदा बोलावलं. शेवटी सौदा झाला तेव्हा हसून म्हणाले, "ताई, तुम्ही भाव करताना टाच आपटता. कधीपासून बघतोय. बीट सोडत नाही तुम्ही."

"राग आला की आपटते."

"मग रोज राग येऊ द्या. मंगळवारी दुपारी या अंबरनाथला."

फी विचारली तर म्हणाले, नाही. फुकट म्हटलं की मी दोन पावलं मागे सरते. पण त्या मंगळवारी दुकान भाचीवर सोपवलं आणि गेले. का गेले याचं खरं उत्तर मला आजही देता येत नाही. छप्पन्न वर्षांत "तुझ्यात अमुक आहे" असं मला कोणी म्हटलं नव्हतं, एवढंच.

अंबरनाथ पूर्वेला एका लग्नाच्या हॉलचा पहिला मजला मंगळवारी दुपारी रिकामा असे. कोपऱ्यात नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या, वर आदल्या लग्नाच्या वाळलेल्या माळा, आणि मधल्या गुळगुळीत फरशीवर आम्ही दहा-बारा जणं. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतला एक ऑपरेटर, एक शाळेतल्या बाई, दोन-तीन कॉलेजच्या मुली, शिकवण्या घेणारं एक जोडपं. नाचणारं असं एकही तोंड नाही. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हा नाच नाचणाऱ्यांनी काढलेला नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी काढला. दिवसभर कोणाच्या घरी कपडे धुणारे, कोणाच्या गोदामात पोती उचलणारे. ज्यांना दिवसा मान वर करायची मुभा नव्हती, ते संध्याकाळी हॉलमध्ये जमायचे आणि असे नाचायचे." मग त्यांनी गाणं लावलं. आधी पितळी वाद्यं, मागे ड्रम, आणि खाली एक जाड तार चालल्यासारखी चालत राहिलेली.

गुडघे वाकवून उभं राहायचं आणि प्रत्येक ठोक्याला थोडं जमिनीत जायचं, हे त्या नाचाचं मूळ. मुलींना जमेना, त्या वर उडायच्या. मला लगेच जमलं. बदलापूरपलीकडच्या माझ्या माहेरी मी लहानपणी भाताची आवणी केलेली आहे. चिखलात दिवसभर ज्यांनी गुडघे सैल ठेवलेत त्यांना ते शिकवावं लागत नाही. माहेरी भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "काय गो बाय, या वयान नाचाला चाललीस?" मी म्हटलं, "हल्दीला दारू पिऊन तू नाचतोस ते चालतं? मी शुद्धीत नाचते." त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

हा नाच जोडीनं करतात. एकजण नेतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा त्याच्याबरोबर येतो. आमच्यात पुरुष फक्त दोन, म्हणून सरांनी मला लीड केलं आणि माझ्यासमोर सिस्टरना उभं केलं.

सिस्टर अंबरनाथ पश्चिमेला राहतात, मूळच्या तळकोकणातल्या. सरकारी रुग्णालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या, माझ्यापेक्षा वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठ्या आणि उंचीने वीतभर. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन नाशिकला. बोलणं कमी. आवाज वॉर्डातला, म्हणजे झोपलेल्याला उठवणार नाही आणि जागा असलेल्याला नक्की ऐकू जाईल असा. पहिल्या दिवशी मी त्यांना जिकडे वळवायचं तिकडे ढकलत होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी स्ट्रेचर नाही."

सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, "मग वळा ना स्वतःहून."

"तुम्ही सांगा, मी वळते. ढकलू नका. सांगा."

सांगणं म्हणजे काय ते कळायला मला सहा महिने लागले. हातात हात असतो, दोघी किंचित मागे रेललेल्या असतात, आणि मधे एक ताण असतो. तुम्ही अंग थोडं वळवलंत की तो ताण तिकडे जातो, समोरचीला कळतं, ती निघते. खेचलं तर नाच मोडतो. सोडलं तरी मोडतो. आयुष्यभर मी जिथे ताण दिसेल तिथे खेचत आले, खेचून जिंकत आले. इथे जिंकण्यासारखं काही नव्हतं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं, सिस्टर माझ्या हातातून लांब गेल्या, गोल फिरल्या आणि बरोबर आठव्या ठोक्याला परत आल्या, त्या दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभी राहिले. कशासाठी ते कोणी विचारलं नाही.

सर तेव्हा चांगले शिकवायचे. नाकारणार नाही. गाण्यात एक वाद्य काहीतरी म्हणायचं आणि दुसरं त्याला उत्तर द्यायचं, ते थांबवून थांबवून ऐकवायचे. म्हणायचे, "सुनो, एकानं विचारलं ना? आता दुसरा बोलेल. बोलणारच. नाही बोलला तर गाणं तिथेच पडेल." हे त्यांचं वाक्य आहे. मी जसंच्या तसं लिहिते आहे.

दोन वर्षं गेली. मग सरांनी ठरवलं की आता लोकांसमोर जायचं. बदलापूरच्या एका शाळेचं सभागृह मिळालं, रविवार संध्याकाळ. कार्यक्रमात सगळ्यांचे मिळून काही नाच, आणि मधे दोन मिनिटांचा एक जोडीचा नाच. तो सरांनी मला आणि सिस्टरना दिला. सगळ्यांसमोर म्हणाले, "ये दोनों का देखो, एकमेकींचं ऐकतात."

त्या दिवशी घरी जाताना सिस्टर रिक्षात म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला माझी ड्युटी असायची."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. ज्या पोरींचे नाच बसलेले असायचे, त्यांच्या जागी कोणीतरी वॉर्डात हवं. मी म्हणायचे, मी थांबते. खाली मांडवात गाणी वाजायची, वर मी सलाइन बदलत असायची." मग म्हणाल्या, "मला कोणी सांगितलं नव्हतं थांबायला. मीच थांबायचे."

त्यांच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी वाटी बदलायची तारीख दिली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. शस्त्रक्रियेनंतर चालता येईल, जिना चढता येईल, पण गिरकी आणि उडी कायमची बंद, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तीस वर्षं दुसऱ्यांना असं सांगितलेलं असल्यामुळे त्यांना ते नीट समजलं होतं. म्हणजे ती दोन मिनिटं एकदाच होती. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. सरांना हे माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं.

कपड्यांचं काम माझ्याकडे आलं. आलं ते बरंच झालं, दुसऱ्या कोणी केलं असतं तर विचका झाला असता. ओळखीच्या कारखान्यात बायकांचे घेरदार फ्रॉक आणि पुरुषांच्या पँटी शिवून घेतल्या, लेस आणि बटणं माझ्या दुकानातली. माझ्या गल्लीच्या तोंडावरच्या चांभाराकडून सगळ्यांच्या कॅनव्हासच्या बुटांना खालून चामडं चिकटवून घेतलं, रबर फरशीला धरतं म्हणून. सिस्टरचा फ्रॉक गडद निळा होता. पांढरा नको, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कार्यक्रमाला तीन आठवडे राहिले होते. मंगळवारी मी कपड्यांचे दोन गठ्ठे हॉलवर नेले. सरांनी एकेक कपडा उलगडून पाहिला, शिवण ओढून पाहिली, नीट घडी घालून आपल्या गाडीत ठेवून आले. मग मला आणि सिस्टरना त्या लाल खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवे बसले. मी माल आधी ताब्यात दिला आणि बोलणं नंतर केलं. माझ्या दुकानातल्या भाचीनं असं केलं असतं तर मी तिला उभं केलं नसतं.

"ताई, एक प्रॉब्लेम आहे. सभागृहवाले म्हणतात, दोन बायकांची जोडी लोकांना कळणार नाही."

"लोकांना स्विंग तरी कुठे कळतं? ते बघायलाच तर येणार."

"बरोबर. पण ऐका ना. तुम्ही ग्रुपमध्ये मागच्या लाइनीत या. मधे अर्धा मिनिट तुमची जोडी पुढे घेतो."

"दोन मिनिटं ठरली होती."

"अर्धा."

"दोन. आणि पुढे."

"चलो, एक मिनिट. पण मागे."

भाव एकदा अर्ध्याचा एक झाला की तो दीड होतो आणि दीडचे पावणेदोन. हे मला झोपेत कळतं. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, एक मिनिट चालेल मला." मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गिऱ्हाईकाच्या सोबतचं माणूस असं मधे बोललं की भाव बसतो. मी म्हटलं, "दोनच्या खाली आम्ही नाचत नाही," आणि उठले.

सिस्टरही उठल्या. उठायला त्यांना खुर्चीच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

सर म्हणाले, "बघतो, ताई. बोलावतो तुम्हाला." आणि मान हलवली. तीच मान. त्यांच्या वडिलांची, दुकानात पंचवीस वर्षं हलताना मी पाहिलेली.

जिना उतरताना सिस्टरनी विचारलं, "नाही बोलावलं तर?"

"चौथ्या दुकानाच्या आत हाक येते."

"इथे कुठे आहेत दुकानं?"

मी हसले. मला खात्री होती.

पहिल्या आठवड्यात फोन आला नाही. मी म्हटलं, ताणतात. सिस्टरच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही रोज सकाळी सराव करायचो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मोबाइल उलटा भांड्यात ठेवून, म्हणजे आवाज मोठा यायचा. दुसऱ्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "मी जाऊन विचारू का त्यांना? मला कमीपणा नाही वाटत."

"नाही."

"एक मिनिटसुद्धा पुरे आहे, ताई."

"आपण गेलो की भाव पडला. मग अर्धाही देणार नाहीत. त्यांना कपडे मिळालेत, पण नाच तर आपल्याकडे आहे. येतील."

त्या टाकीला टेकून गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला बाजार कळतो. मला नाही कळत." आणि पुन्हा उभ्या राहिल्या. त्या सकाळी आम्ही तो नाच सहा वेळा केला. सहाव्या वेळी कुठेच चुकला नाही.

फोन आलाच नाही. रविवारी आम्ही तिकीट काढून कार्यक्रमाला गेलो. मी जाणार नव्हते, सिस्टर म्हणाल्या, मुलगी नाशिकहून आली आहे, तिला काय सांगू? सातव्या रांगेत बसलो, मधे सिस्टर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. सिस्टरच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मी विचारलं, "यात काय?"

"बूट."

"कशाला?"

"असू देत. शेवटच्या घटकेला बोलावलं तर?"

कार्यक्रम चांगला झाला. वाईट झाला असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. ऑपरेटर आपले जड हात पंख्यासारखे फिरवत नाचला, शाळेतल्या बाई लाजल्या नाहीत, माझे फ्रॉक दिव्यांखाली घेर धरून फिरले आणि लेस कुठे उसवली नाही. बदलापूरच्या त्या सभागृहात लोक आधी गप्प होते, मग पाय आपटायला लागले. मधल्या दोन मिनिटांत मुंबईहून आलेली एक पाहुणी जोडी नाचली. तरुण, सफाईदार. मुलीच्या अंगात गडद निळा फ्रॉक होता, खाली दुमडून आखूड केलेला. सिस्टरनी तो ओळखला. त्यांचा हात पिशवीवर होता तो तिथेच राहिला. त्यांच्या मुलीनं विचारलं, "आई, तुमचा नाच कधी?" त्या म्हणाल्या, "बघ, बघ. छान नाचतायत."

शेवटी सगळे रंगमंचावर गोल करून उभे राहिले. टाळ्यांचा ताल धरला, एकेकजण गोलाच्या मधे येऊन आपली चार पावलं नाचून जाऊ लागला. तसा त्या नाचाचा रिवाज आहे. सरांनी माइक घेतला. "हमारे साथ जो भी नाचे हैं, सब ऊपर आ जाओ! या, या, सगळे या!"

सिस्टर उठल्या. खरंच उठल्या, खुर्चीचा आधार न घेता. पिशवीत हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, "ही हाक नाही. हे रस्त्यावर ओरडणं आहे. नाव घेऊन बोलावलं तर जायचं."

त्या काही क्षण तशाच उभ्या होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ काकी, बसा ना, दिसत नाही." त्या बसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांची शस्त्रक्रिया झाली.

आता त्या छापील कागदाबद्दल. माझ्या दुकानापासून तिसरं दुकान छपाईवाल्याचं आहे. त्याने माझ्याकडून नेलेलं इलास्टिक थोडं उरलं, ते एक दिवस तो आपल्याकडच्या एका छापील कागदात गुंडाळून परत घेऊन आला. तो कागद म्हणजे आमच्या कार्यक्रमाची पत्रिका. त्यात जोडीच्या नाचासमोर मुंबईच्या पाहुण्या जोडीची नावं. मी म्हटलं, "घाईत छापली असेल शेवटी."

तो म्हणाला, "नहीं ताई, जल्दी कैसी? तुमचे कपडे गेले ना अंबरनाथला, त्याच्या आदल्या हप्त्यात छापून दिली. सर खुद ले गए."

मी तो कागद गल्ल्यात ठेवला. कपडे मी नेले त्या मंगळवारच्या आधीचा आठवडा. म्हणजे लाल खुर्च्यांवर आम्हाला बसवून ते अर्धं आणि एक करत होते तेव्हा द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. माल विकून झाला होता. कपडे हातात पडेपर्यंत त्यांनी आम्हाला आशेवर ठेवलं, असं माझं म्हणणं आहे. हे मला सिद्ध करता येणार नाही. पत्रिकेचं मात्र करता येईल.

सर नंतर दुकानात आले. इलास्टिक हवं होतं, पुढच्या कार्यक्रमासाठी. काही घडलंच नाही असं हसले. त्यांनी जो भाव म्हटला त्या भावात मी इलास्टिक कापून दिलं. ना ताणलं, ना बोलले. सरांचा चेहरा बदलला. बाजारात वाढलेल्या माणसाला न केलेला भाव कळतो.

"ताई, गुस्सा हो?"

मी पत्रिका काढून फळीवर ठेवली. "ही कधी छापली?"

त्यांनी कागद बोटानं बाजूला सारला. मग म्हणाले, "मैंने स्टेज से बुलाया था ना सबको. तुम्हीच नाही आलात."

"मी काय विचारलं?"

"ताई, शो करना था. लोक आले पाहिजेत. तुम्ही धंदा करता, तुम्ही समजू शकता."

"मी धंदा करते म्हणूनच विचारते. कधी छापली?"

ते इलास्टिक घेऊन गेले. मी टाच आपटत होते, ते मला ते गेल्यावर कळलं.

पत्रिका घेऊन मी सिस्टरकडे गेले. त्या खिडकीजवळ बसलेल्या, पाय स्टुलावर, शेजारी काठी. मी सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली, पूर्ण, छपाईवाल्याच्या नावापर्यंत. मग घडी करून मला परत दिली.

"फसवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "पण ताई, शेवटी मी उठले होते."

मी पत्रिकेची घडी आणखी बारीक करत राहिले.

"मला बाजारातली हाक नको होती. त्यांनी कोणाला का बोलावलेलं असेना, मी चढले असते वर. चार पावलं नाचले असते. माझा हात कोणी धरला?"

वॉर्डातला तोच आवाज. ऐकू गेला.

मी बाजारात कधी चूक कबूल करत नाही. चूक कबूल केली की पुढची दहा वर्षं ती भावात कापली जाते. त्या दुपारी मी म्हटलं, "मी धरला, सिस्टर. आणि गच्चीवर तुम्ही विचारायला निघाला होतात, तेव्हाही मीच थांबवलं." त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही मागितलं नाही. मग म्हणाल्या, "चहा टाका. साखर वरच्या डब्यात." तेव्हापासून मंगळवारी दुपारी मी अंबरनाथ पूर्वेला जात नाही, पश्चिमेला जाते. आम्ही गाणी लावतो. त्या बसून दोन्ही हातांनी ताल धरतात. डावा पाय हलतो.

म्हणजे माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलेलं आहे, तोंडावर, त्यांच्या खोलीत. उरलं ते सरांचं.

सर, सभागृहवाल्यांचं कारण सांगू नका, मी त्यांना भेटून आले, त्यांनी तसं काही म्हटलंच नव्हतं. मला कपड्यांचं काही नको. पुढच्या कार्यक्रमात जागा नको. मला तुमच्याशी भावही करायचा नाही. पत्रिका छापून झाल्यावर तुम्ही सिस्टरसमोर उकिडवे बसलात आणि "एक मिनिट" म्हणालात, ते मिनिट कुठून देणार होता, एवढं सांगा. मला नाही, त्यांना सांगा. मंगळवारी दुपारी त्या घरीच असतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुमचे गुडघे चांगले आहेत. चढून या आणि उत्तर द्या.